जुन्या गाडीत ब्लूटूथ हॅण्ड्सफ्री: माईक कुठे, अर्थिंग कुठे, सप्लाय कुठून

सोलापूर भागात विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. उन्हाळा लागला की फोन सकाळी सहापासून सुरू होतो. मोटर जळाली की ऊस वाट बघत नाही आणि डाळिंबाची बाग तर अजिबात नाही. मोहोळ, पंढरपूर, सांगोला, बार्शी अशी फिरती असते, गाडी २००८ सालची वॅगन आर. दोन वर्षांपूर्वी मोहोळच्या अलीकडे संध्याकाळी मांडीवरचा फोन उचलायला खाली पाहिलं. मान वर केली तेव्हा समोर उसाची ट्रॉली होती, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला, गाडी थांबली, मध्ये हातभर जागा उरली. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलं म्हणजे ४४ मीटर आंधळेपणाने गेलो.

त्या आठवड्यातच गाडीत हॅण्ड्सफ्री, म्हणजे फोन हातात न घेता बोलता येईल असं किट, बसवायचं ठरवलं. त्यानंतर स्वतःच्या गाडीत दोनदा, मेहुण्याच्या अल्टोत आणि शेजाऱ्यांच्या इंडिकात, असं चार वेळा हे काम केलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जुन्या गाडीत समोरच्याला तुमचा आवाज नीट जातो की नाही, हे किट किती रुपयांचं आहे यावर फारसं अवलंबून नसतं. माईक कुठे बसवला आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची मायनस वायर) कुठून घेतला, यावरच बहुतेक सगळं ठरतं. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा बसवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

कायद्याचं आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. किट बसवलं की हात मोकळे होतात. लक्ष मात्र मोकळं होत नाही, बोलण्यात गुंतलेला माणूस रस्त्यावरचं कमी बघतो. मी स्वतः फोनवर एवढंच बोलतो: "गाडीवर आहे, अर्ध्या तासात पोचतो." मोटर किती एचपीची, स्टार्टर कोणता, पॅनेल कधी बदललं, हे सगळं गाडी बाजूला घेऊन. किट बसवायचं ते फोन हातात घ्यावा लागू नये म्हणून. गप्पांसाठी नाही.

आधी गाडी बघा

दुकानात जाण्याआधी गाडीत बसून अर्धा तास घालवा. टेप, म्हणजे गाणी-रेडिओचा डबा, आहे का? चालतो का? समोर ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीने आत द्यायचं, भोक आहे का? टेपची उंची मोजा. साधारण ५ सेंटिमीटर असेल तर सिंगल डिन, १० असेल तर डबल डिन. रुंदी दोन्हीची १८ सेंटिमीटरच्या आसपास असते. लायटर सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. जुन्या गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज बऱ्याचदा उडालेला असतो आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो.

मग स्पीकर. पंधरा वर्षं आपल्याकडचं ऊन खाल्लेल्या स्पीकरचा कागद कडेने तडकतो. गाण्यात ते लपून जातं, पण बोलण्यात लगेच फरफर ऐकू येते. दाराचं पॅनेल काढायची गरज नाही. टेपच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवला की स्पीकरच्या वायरी हाताशी येतात. त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा आणि लगेच उचला. "टप्" असा स्वच्छ आवाज आला तर स्पीकर ठीक. खरखरीत आला तर कागद गेला. काहीच आला नाही तर वायर तुटली आहे, आणि ती बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीपाशी, रबरी नळीत तुटते. जाळी काढून कागद दिसत असेल तर आणखी एक कळतं: सेल टेकवल्यावर कागद बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे आहे ती स्पीकरची प्लस वायर. हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवा.

टेम्पो किंवा ट्रकसाठी बघत असाल तर व्होल्ट आधी तपासा. कारमध्ये १२ असतात, मोठ्या ट्रकवर २४. बारा व्होल्टचं किट चोवीसवर लावलं तर ते तिथेच संपतं.

कोणतं घ्यावं

बाजारात साधारण पाच प्रकार मिळतात.

सगळ्यात सोपं म्हणजे सन व्हायझरला अडकवायचं. आतच बॅटरी, स्पीकर आणि माईक. वायरिंग काही नाही, तोंडाजवळ असतं, आवाज चांगला जातो. पुण्या-मुंबईच्या हवेत ते बरं चालत असेल. सोलापुरात मी त्याच्या वाटेला जाऊ नका असं म्हणेन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला सहज जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळची जागा त्याहून कितीतरी जास्त तापते. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं बहुतेक सेलवाले सांगतात. माझं पहिलं किट हेच होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुपारभर गाडी उभी होती. संध्याकाळी पाहिलं तर किटची पाठ फुगून झाकण उघडलं होतं. घेणारच असाल तर उतरताना रोज सोबत न्यायची सवय हवी.

दुसरं एफएम ट्रान्समीटर. लायटर सॉकेटमध्ये खोचायचं, ते ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एका रिकाम्या जागेवर आवाज सोडतं आणि टेपचा रेडिओ तो पकडतो. हजाराच्या आत मिळतं. सोलापुरात रिकामी जागा सापडते. पुण्याकडे निघालात की जसजसं पुणं जवळ येतं तसतशी दुसरी स्टेशनं त्यावर चढतात आणि चालत्या गाडीत बटणं दाबत बसावं लागतं. त्याहून मोठा दोष माईकचा. तो सॉकेटमध्ये, म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ, तोंडापासून दोन-अडीच फूट खाली असतो. पलीकडच्याला तुमच्याआधी गिअरबॉक्स आणि एसीचा पंखा ऐकू येतो. भाड्याच्या गाडीत चार दिवस वापरायला ठीक आहे.

तिसरं ऑक्समध्ये लावायचं छोटं रिसीव्हर. टेपला ऑक्स असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर हे घ्या, पण बाहेरचा माईक वायरीने जोडता येईल असंच. एक अडचण लक्षात ठेवा. टेप रेडिओवर असेल तर फोन आलेला ऐकूच येत नाही, टेप कायम ऑक्सवर ठेवावा लागतो.

चौथं, जुन्या पद्धतीचं वायरीचं हॅण्ड्सफ्री किट. ते टेप आणि गाडीचा कपलर यांच्या मध्ये बसतं. फोन आला की गाणं आपोआप बंद होऊन आवाज गाडीच्याच स्पीकरमधून येतो. पॅरट या फ्रेंच कंपनीची अशी किट एके काळी नावाजलेली होती. जुन्या टेपचं तोंड बदलायचं नसेल, गाडी जशीच्या तशी जपायची असेल, तर हाच योग्य मार्ग. मात्र जुनं किट सेकंडहॅण्ड घेत असाल तर स्वतःचा फोन तिथेच जोडून, बोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कित्येक जुनी किट नव्या फोनशी जोडली जातात, पण फोनबुक घेत नाहीत.

पाचवं म्हणजे ब्लूटूथवाला नवा टेप. ज्यांची गाडी अजून चार-पाच वर्षं चालणार आहे त्यांना मी हेच सुचवतो: साधा सिंगल डिन, बटणांचा, बाहेरच्या माईकचं भोक असलेला. मोठ्या टच स्क्रीनचा मोह होतो, पण त्यासाठी जुन्या गाडीचा डॅशबोर्ड कापावा लागतो. तो कापलेला डॅशबोर्ड पुढे आयुष्यभर करकरत राहतो. शिवाय बटण न बघता दाबता येतं. स्क्रीनकडे बघावंच लागतं, आणि रस्त्यावरची नजर हटू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

दुकानात

सोलापूरच्या नवी पेठेतलं असो की दुसरं कुठलं दुकान, स्वतःचा फोन घेऊन जा आणि काउंटरवर किट चालू करायला लावा. गाणी वाजवून दाखवतील. त्यावर समाधान मानू नका. घरी फोन लावा आणि पलीकडच्याला विचारा, माझा आवाज कसा येतोय.

पहिला प्रश्न: बाहेरचा माईक जोडता येतो का? टेपच्या तोंडावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं, तो आतला माईक. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मागे माईकसाठी वेगळं सॉकेट असेल आणि खोक्यात दोन-तीन मीटर वायरीचा माईक असेल, तरच तो टेप घ्या.

दुसरं, खोक्यावर एचएफपी हा शब्द शोधा. फोनवर बोलण्यासाठीची ब्लूटूथची पद्धत ती. ए२डीपी ही गाण्यांची पद्धत आहे. फक्त ए२डीपी असलेल्या वस्तूत गाणी छान वाजतात आणि फोन लागत नाही. एचएफपी १.६ किंवा त्यापुढचं असेल आणि त्यात वाइडबँडची सोय दिलेली असेल तर आवाज जास्त भरीव येतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जातात, वाइडबँडमध्ये १६ हजार. त्यामुळे स, श, फ ही अक्षरं वेगवेगळी कळतात. "साठ" की "आठ" हा घोळ माझ्या धंद्यात महागात पडतो. फायदा मिळायला फोनमध्येही तीच सोय लागते, पण गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनमध्ये ती आहे.

तिसरं, फोनबुकमधली नावं कशी दिसतात ते तिथेच बघा. बऱ्याच साध्या टेपवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. आपल्याकडे एका फोनमध्ये नावं मराठीत, दुसऱ्यात इंग्रजीत, कुणाच्या कन्नड तर कुणाच्या तेलुगूमध्येही असतात. टेप बदलता येत नसेल तर रोजच्या वीस-पंचवीस माणसांची नावं रोमन लिपीत साठवून ठेवा.

व्हॉट्सअपचा कॉल करून बघा. काही किट साधा कॉल घेतात आणि व्हॉट्सअपच्या कॉलला गप्प बसतात. बिल घ्या.

हत्यारं

स्टार आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, मल्टिमीटर, वायर सोलायचा कटर, क्रिंपिंगची पक्कड, रिंग लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), आकसणारी स्लीव्ह (गरम केली की जोडावर घट्ट बसणारी नळी), झिप टाय, थोडा कापडी टेप, वाळूकागद. पॅनेल उचकटायला प्लास्टिकची पट्टी मिळते. नसेल तर सपाट स्क्रू ड्रायव्हरला सुती फडकं गुंडाळा. जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, जोर लावला की क्लिप मोडते. हे काम सकाळी लवकर सावलीत करा. थंडीच्या पहाटे मात्र प्लास्टिक कडक असतं, तेव्हा तासभर ऊन लागू द्या.

साधी काळी इन्सुलेशन पट्टी जोडांवर वापरू नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळून वायरींवर चिकट घाण होते आणि दोन उन्हाळ्यांत पट्टी सुटून जोड उघडा पडतो. मोटारीच्या वायंडिंगचा जोड आम्ही जसा स्लीव्हमध्ये घालतो, तसाच इथेही घालायचा.

टेप काढणं आणि सप्लाय शोधणं

सुरुवातीला एक गोष्ट तपासा: जुन्या कंपनीच्या टेपला कोड आहे का. काही गाड्यांत बॅटरी काढली की टेप कोड मागतो. मॅन्युअलमध्ये शोधून लिहून ठेवा. मग बॅटरीची मायनस सोडवा. स्टिअरिंगखाली पिवळ्या नळीतल्या वायरी आणि पिवळे कपलर असतील तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही.

टेप काढायच्या दोन तऱ्हा. काहींच्या दोन्ही बाजूंना बारीक फटी असतात, त्यात पातळ पट्ट्या घातल्या की आतल्या जिभा सुटतात आणि टेप पुढे येतो. काहींत मधलं पॅनेल स्क्रूवर असतं. स्क्रू कधी अ‍ॅशट्रेच्या मागे, कधी एसीच्या जाळीखाली दडलेले असतात. पॅनेल हलत नसेल तर ओढू नका. कुठे तरी एक स्क्रू राहिला आहे, तो शोधा. काढलेले स्क्रू जिथले तिथले, कागदावर चिकटवून ठेवा.

टेप बाहेर आला की कपलर सोडवा आणि कपलरचा मोबाइलवर फोटो काढा. आता मापासाठी मायनस परत जोडा, मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवा, काळी तार बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा आणि कपलरची एकेक वायर तपासा.

किल्ली बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवणारी वायर म्हणजे डायरेक्ट सप्लाय. किल्ली पहिल्या घरात आल्यावरच व्होल्ट दाखवणारी ती किल्लीचा सप्लाय. पार्किंग दिवे लावल्यावर जिवंत होणारी ती टेपच्या दिव्याची. नव्या टेपच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडीत) बहुधा पिवळी डायरेक्ट, लाल किल्लीची, काळी अर्थ, केशरी दिव्याची. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा आणि जांभळी मागचा उजवा स्पीकर. काळी रेघ असलेली त्या त्या स्पीकरची मायनस. हे रंग नव्या टेपच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूला रंगांवर विश्वास ठेवू नका. पंधरा वर्षांत किती वायरिंगवाल्यांचे हात त्यावर फिरले असतील कोण जाणे. इंडिकात मला काळी वायर प्लस सापडली होती. मीटर जे दाखवेल ते खरं.

पिवळी आणि लाल उलटी लागली तर टेप चालतो, पण गाडी बंद केली की जोडलेला फोन, घड्याळ, सगळं विसरतो. काही टेप तर वर रात्रभर बॅटरीही खातात. बॅटरीचा हिशेब सोपा आहे. किटने फक्त १०० मिलीअँपिअर खाल्ले तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दहा दिवस गाडी उभी राहिली की २४ गेले, आणि लग्नाहून परत आल्यावर सेल्फ मारत नाही. म्हणून जे किट लहान आहे, ज्याला काही लक्षात ठेवायचं नाही, त्याला फक्त किल्लीचा सप्लाय द्या.

मापं झाली, मायनस पुन्हा काढा, मग जोड द्या. शक्य तर गाडीचा कपलर कापूच नका, त्या मॉडेलचा जोड-हार्नेस मिळतो तो घ्या. कापायचीच वेळ आली तर कपलरजवळ चार बोटं वायर सोडून कापा, म्हणजे पुढे परत जोडता येईल. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची आणि मग जोड द्यायचा, हे घाईत विसरतं.

प्रत्येक प्लसला, जिथून सप्लाय घेतला तिथेच, फ्यूज लावा. किती अँपिअरचा ते किटच्या कागदावर असतं. टेपला साधारण १० चा, छोट्या किटला दोन-तीनचा. फ्यूज उडाला तर त्याहून मोठा घालू नका. तो उडाला म्हणजे कुठे तरी वायर टेकते आहे, ती जागा शोधा.

आणि स्पीकरची मायनस बॉडीला जोडू नका. जुन्या काळच्या काही टेपमध्ये ती जोडलेली असायची. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एक बॉडीला टेकली की टेपचा आतला आयसी (चिप) जळतो, तोही बहुतेक पहिल्याच मिनिटात.

अर्थ

मोटारीच्या धंद्यात अर्थ चुकला की माणूस दगावतो. इथे तसं होत नाही, पण कानात कायमची घूं घूं बसते. इंजिन वाढलं की आवाज वाढतो, पाय काढला की उतरतो, असं ऐकू आलं तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, आवाज आहे आणि दहांपैकी आठ वेळा दोष अर्थाचा असतो.

डॅशबोर्डखाली दिसेल त्या स्क्रूला काळी वायर गुंडाळणं ही सगळ्यात कॉमन चूक. तो स्क्रू रंगात किंवा गंजात अडकलेला असतो. बॉडीला वेल्ड केलेला जाड पत्रा शोधा, वाळूकागदाने रुपयाएवढी जागा चकचकीत करा, वायरीला रिंग लग क्रिंप करा, बोल्टने घट्ट आवळा आणि वरून थोडी व्हॅसलिन लावा म्हणजे गंज धरणार नाही. मग टेप चालू ठेवून मीटरची एक तार या बोल्टला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दाखवलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दाखवला तर दुसरी जागा बघा. किटला वेगळा अर्थ असेल तर तोही याच बोल्टवर घ्या. दोन ठिकाणी दोन अर्थ घेतले की त्यांच्यामधूनच घूं घूं फिरते. ऑक्सच्या रिसीव्हरला हा त्रास जास्त होतो, कारण त्याचा अर्थ लायटर सॉकेटमधून येतो. तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत घालतात, त्याने काम होतं.

सप्लायच्या वायरी आणि माईकची वायर एकाच जुडीत बांधू नका. एक डावीकडून न्या, दुसरी उजवीकडून.

माईक

वॅगन आरमध्ये मी माईक तीन ठिकाणी लावून पाहिला. बायको घरून फोनवर ऐकत होती आणि मी दर वेळी तेच वाक्य म्हणत होतो: "साडेसात एचपी, साठ फूट, सात स्टेज." तिने ते परत म्हणायचं.

पहिली जागा टेपच्या वर, डॅशबोर्डवर. पंखा बंद असताना सगळं बरोबर आलं. पंखा एकवर केला तेव्हा "आठ फूट" झालं, तीनवर केला तेव्हा तिला फक्त वारा ऐकू आला. एसीच्या जाळीतून हवा थेट माईकवर येत होती. दुसरी जागा स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या कडेला. आवाज जवळून गेला, पण स्टिअरिंग वळवलं की हात आडवा यायचा आणि आवाज बुडायचा. तिसरी जागा ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाचं वरचं टोक, काच जिथे छताला भिडते तिथे. पंखा तीनवर, खिडकी बंद, केगावपर्यंत पुणे रस्त्यावर ७० च्या वेगाने गेलो, तरी तिने वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. खिडकी चार बोटं उघडली तेव्हा मात्र मोडलं. खिडकीच्या वाऱ्यावर माझ्याकडे इलाज नाही, फोन आला की काच वर करा.

तर जागा ती: खांबाचं वरचं टोक किंवा ड्रायव्हरच्या व्हायझरच्या पुढची छताची कड, तोंडापासून हात-दीड हातावर, माईकचं भोक नेमकं तोंडाकडे. बहुतेक माईक एकाच दिशेचं चांगलं ऐकतात. भोक काचेकडे राहिलं तर अर्धा आवाज गेला. स्पंजची टोपी असेल तर काढू नका. खांबावर एअरबॅगची खूण असेल तर खांब सोडा, छताच्या कडेवर लावा.

दोन्हीकडून चिकटणारी पट्टी इथे टिकत नाही, पहिल्याच मे महिन्यात माईक मांडीवर पडतो. क्लिपवाला माईक घ्या आणि क्लिप व्हायझरच्या दांड्याला किंवा छताच्या कापडाच्या कडेला अडकवा. वायर खांबाच्या कडेने दाराच्या रबरी बीडिंगखाली बोटाने दाबत खाली आणा, डॅशबोर्डच्या बाजूच्या फटीतून आत घ्या, टेपपर्यंत न्या. उरलेली वायर गुंडाळून झिप टायने बांधा. क्लच-ब्रेकच्या पेडलजवळ आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ एकही लोंबता तुकडा राहता कामा नये. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, तिन्ही पेडल दाबून बघा.

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत येतो

हे फार जणांना होतं आणि लोक किट बदलतात. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरून परत जातो, म्हणून तसं होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, माईक उजव्या खांबावर आणि उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या पायथ्याशी. टेपचा बॅलन्स डावीकडे आणि फेडर पुढे करा, म्हणजे बोलणं डाव्या पुढच्या स्पीकरमधून येईल. कॉलचा आवाज थोडा उतरवा. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

फोन जोडताना

गाडी उभी असताना जोडा. पिन मागितला तर ०००० किंवा १२३४. फोनवर "कॉन्टॅक्ट्स वापरू द्यायचे का" असं विचारतो, तिथे हो म्हणा, नाहीतर नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या टेपच्या नावासमोर कॉल आणि मीडिया असे दोन पर्याय असतात, कॉलचा चालू आहे ना बघा. घरातले दोन फोन जोडलेले असतील तर ज्याचा फोन रोज गाडीत असतो तो आधी जोडा. नाहीतर बायको गाडीजवळून गेली की तिचा कॉल तुमच्या गाडीत वाजतो, आमच्याकडे हे झालं आहे. आणि गाडी विकताना टेपमधलं फोनबुक आणि जोडलेले फोन पुसून टाका.

शेवटची तपासणी

पॅनेल लावण्याआधी सगळं चालवून बघा: दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. एखादी वायर दबली असेल तर आत्ताच कळेल. मग गर्दीच्या वेळी सात रस्त्याहून विजापूर रोडला कंबर तलावापर्यंत एक फेरी आणि हायवेवर एक फेरी, दोन्हीत पलीकडे कुणी तरी ऐकत असलेलं हवं.

त्या रात्री गाडी बंद करून तासाभराने बॅटरीचे व्होल्ट मोजा, सकाळी परत मोजा. १२.६ चे १२.५ झाले तर ठीक. १२.२ झाले आणि बॅटरी जुनी नसेल तर काहीतरी रात्रभर जागं आहे. मायनसमध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावून करंट बघा, दारं बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

महिनाभराने अर्थाचा बोल्ट एकदा पान्याने आवळा. माझ्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. कोणत्या रंगाची वायर कुठून घेतली, फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा, अर्थ कोणत्या बोल्टवर. उद्या दुसऱ्या कुणी डॅशबोर्ड उघडला तर त्याला अंदाजाने वायर कापावी लागणार नाही.